'मेर' म्हणजे आई, 'शेफ' म्हणजे प्रमुख



गेला महिनाभर आमच्या घरात एकच विषय चालू आहे. नातीची बारावी झाली आणि तिला हॉटेल मॅनेजमेंटला जायचंय. शेफ व्हायचंय म्हणते. मुलगा म्हणतो, "आपल्या घरातली मुलगी मांस-मच्छी चिरणार का?" सून म्हणते, "स्वयंपाक काय, घरी येतोच की. त्यासाठी एवढे पैसे कशाला घालवायचे?" आणि नात माझ्या पदराला धरून, "आजी, तू सांग ना बाबांना."

मुलाचा प्रश्न मला कळतो. तो माझाही आहे. पण त्यावर वाट निघू शकते, कारण शाकाहारी अभ्यासक्रम देणाऱ्या संस्था आता आपल्या देशात आहेत. मी अडकले ती सुनेच्या वाक्यात. "घरी येतोच की." हे वाक्य मी स्वतः चाळीस वर्षं ऐकलंय. बी.कॉम. झालेली बाई मी, लग्नानंतर दोन वर्षं दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतल्या होत्या. चकली, शंकरपाळी, बेसनाचे लाडू. वहीत बेसन, तूप, साखर, रॉकेल, सगळं नीट मांडलं. नफा दिसला, आनंद झाला. पुढे कधीतरी ती वही हाती लागली तेव्हा ध्यानात आलं, की सगळ्या खर्चात माझ्या स्वतःच्या मजुरीचा रकानाच नव्हता. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चकल्या तळणारी बाई हिशेबात कुठेच नव्हती. कॉस्टिंगचा पेपर पास झालेल्या मुलीने हे केलं होतं!

तेव्हा नातीच्या निमित्ताने मी शेफ लोकांचा इतिहास वाचायला घेतला. त्यात एक फ्रेंच बाई भेटली. युजेनी ब्राझिए. तिच्या भांड्यांत शिजलेलं आपल्या चौक्यात काहीच चालणार नाही, हे आधीच सांगून टाकते. तिचा सगळ्यात गाजलेला पदार्थ कोंबडीचा, आणि त्यात घालायची ती काळी भूछत्रं जमिनीखाली वाढणारी. म्हणजे दोन्हीकडून बाद. तरी तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे, म्हणून पाककृती बाजूला ठेवून बाईकडे बघू.

युजेनीचा जन्म १२ जून १८९५ चा. फ्रान्सच्या पूर्व भागात बूर्ग-आँ-ब्रेस नावाचं शहर आहे, त्याच्याजवळच्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी. वयाच्या पाचव्या वर्षापासून गुरं-डुकरं राखायचं काम तिच्याकडे. शाळा म्हणजे हिवाळ्यात, शेतावर काम नसेल तेव्हा, तीही रोज नाही. दहा वर्षांची असताना आई गेली. मग दुसऱ्यांच्या शेतावर कामाला राहणं आलं. खाणं-राहणं मिळायचं, वर्षातून काही कपडे मिळायचे. आपल्याकडे सालगडी ठेवायचे ना, तसंच काहीसं, फक्त इथे सालगडी दहा वर्षांची पोर होती.

पुढे तिला दिवस गेले. लग्न झालेलं नव्हतं. १९१४ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव गास्तों. वडिलांनी तिला घराबाहेर काढलं. आणि १९१४ म्हणजे कोणतं साल, हे वेगळं सांगायला नको. पहिलं महायुद्ध सुरू झालं ते हेच वर्ष. पदरात तान्हं मूल, पाठीशी माहेर नाही, शिक्षण नाही, आणि देश युद्धात.

ती जवळच्या मोठ्या शहरात, लियोंला गेली. लियों म्हणजे रेशमाचं शहर. तिथे मिलिया नावाच्या एका सधन कुटुंबात कामाला लागली. त्यांचा शेवया-पास्ता बनवायचा कारखाना होता. मुलाला दुसऱ्यांकडे सांभाळायला ठेवावं लागलं. दुसऱ्याची घरं आणि मुलं सांभाळायची, आणि आपलं मूल परक्या घरी! आपल्याकडे आजही किती घरकाम करणाऱ्या बायका हेच करतात, आणि आपण त्यांना एक दिवस उशीर झाला तरी विचारतो, "का गं, एवढा वेळ?"

याच घरात ती हळूहळू स्वयंपाकाला लागली. स्वयंपाकाची शाळा नाही, कोणाचं प्रमाणपत्र नाही. विचारत, बघत, करत शिकली.

आता इथे लियोंच्या बायकांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. या शहरात एक जुनी परंपरा होती. श्रीमंत घरांत स्वयंपाक करणाऱ्या बायका, नोकरी सुटली किंवा सोडली, की स्वतःची छोटी खानावळ काढत. या बायकांना 'मेर' म्हणायचे. फ्रेंचमध्ये मेर म्हणजे आई. अशी पहिली आई अठराव्या शतकातली सांगतात. घरच्यासारखं जेवण, चार-सहा पदार्थ, पण चवीला पक्के. पहिल्या महायुद्धानंतर मोठ्या घरांना इतके नोकर परवडेनासे झाले, तेव्हा अशा आया आणखी वाढल्या.

त्यातली त्या काळची सर्वांत प्रसिद्ध आई म्हणजे मेर फिलियू. तिच्या स्वयंपाकघरात सगळ्या बायकाच. युजेनी तिच्याकडे कामाला लागली. फिलियूबाई वर्षानुवर्षं तेच मोजके पदार्थ करायच्या आणि कोंबडी स्वतः गिऱ्हाइकाच्या टेबलाशी उभी राहून कापायच्या. त्या पदार्थाचं नाव ऐकून मी चमकले होते. त्याचा अर्थ होतो 'अर्ध्या सुतकातली कोंबडी'. पांढऱ्या कातडीखाली काळ्या भूछत्राच्या चकत्या दिसतात, म्हणजे अर्धा पोशाख काळा, म्हणून अर्धं सुतक. खाण्याच्या पदार्थाला सुतकाचं नाव आपल्याकडे कोणी देईल का? मला मात्र वाटलं, नाव बरोबर आहे. जीव गेलाय, निदान नावात तरी त्याची नोंद आहे.

फिलियूबाई फार कडक होत्या. पण युजेनीने तिथून दोन गोष्टी उचलल्या. थोडेच पदार्थ करायचे, आणि रोज तसेच करायचे.

१९२१ मध्ये, पंचविशीत, तिने लियोंच्या रुवायाल रस्त्यावर १२ नंबरचं एक लहानसं दुकान घेतलं. भांडवल १२,००० फ्रँक. बसायला जागा पंधरा माणसांची. पंधरा! आपल्याकडे हळदीकुंकवाला यापेक्षा जास्त बायका येतात. तिथून हळूहळू नाव झालं, जागा वाढली. लियोंचे महापौर एदुआर एरियो, जे फ्रान्सचे पंतप्रधानही झाले, ते तिचे नेहमीचे गिऱ्हाईक. शहराचं नाव आपल्यापेक्षा या बाईनेच जास्त मोठं केलं, असं ते म्हणत, असं सांगतात.

मला इथे थोडं थांबायचंय, कारण माझ्यासारख्या कॉमर्सवालीला खरी गंमत इथेच आहे. या बाईने कोणताही नवा चमत्कारी पदार्थ शोधला म्हणून ती मोठी झाली, असं नाही. तिची पदार्थांची यादी वर्षानुवर्षं जवळजवळ तशीच राहिली. यादी छोटी असली की काय होतं बघा. माल किती लागणार ते आधी कळतं. शिळं उरत नाही. हात बसतो. गिऱ्हाईक आधीच ठरवून येतं. माल देणाऱ्याशी वर्षाचं नातं जमतं, आणि मग त्याला दम देता येतो. तिच्या कोंबड्या देणारा म्हणे थट्टेने म्हणायचा, उद्या ही बाई कोंबड्यांची नखंसुद्धा रंगवून मागेल! आमच्या सासूबाई भाजीवाल्याकडून एक-एक भेंडी मोडून घ्यायच्या, त्यांची आठवण झाली.

स्वच्छता इतकी, की थंड कपाटं रोज पूर्ण रिकामी करून धुवायची. वाया काही घालवायचं नाही. उरलंसुरलं कामाच्या माणसांच्या जेवणात जायचं, ताटातलं उष्टं डुकरांना. हे सगळं ती कुठे शिकली? हॉटेलच्या शाळेत नाही. ज्या घरात रोजचा घास मोजून मिळतो, त्या घरात ही शिस्त आपोआप येते. तिच्या लहानपणीच्या गरिबीने तिला जे शिकवलं, तेच पुढे तिच्या धंद्याचं भांडवल झालं. १२,००० फ्रँक त्याच्या वरचे.

पण कष्टाला मर्यादा असते. १९२० च्या दशकाच्या शेवटी ती इतकी थकली, की विश्रांतीसाठी लियोंच्या पश्चिमेला डोंगरात, कोल द ला ल्युएर नावाच्या खिंडीत, एका लाकडी खोपटात जाऊन राहिली. शहरापासून वीसेक किलोमीटर. तिथे गॅस नाही, वीज नाही, नळ नाही. झालं काय, तर गिऱ्हाइकं तिच्या मागोमाग डोंगर चढून आली. विश्रांतीच्या जागेचं दुसरं रेस्टॉरंट झालं! बायकांच्या विश्रांतीचं असंच होतं. माहेरी चार दिवस आराम करायला जावं, आणि तिथे पापडाचं पीठ मळलेलं असावं.

याच सुमारास 'मिशेलिन' आलं. ही टायरची कंपनी. १९०० मध्ये त्यांनी मोटारवाल्यांसाठी एक पुस्तिका काढली. रस्ते, गॅरेज, मुक्कामाची ठिकाणं. हेतू सरळ होता. लोकांनी गाड्या जास्त पळवाव्यात, टायर जास्त झिजावेत. १९२६ पासून चांगल्या जेवणाच्या जागांना तारे द्यायला सुरुवात झाली, आणि पुढे एक, दोन, तीन अशी चढती रांग लागली. तीन तारे म्हणजे, तेवढ्या जेवणासाठी मुद्दाम प्रवास करून जावं अशी जागा. लियों तर पॅरिसहून दक्षिणेच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच. मोटारवाले तिथूनच जायचे.

१९३३ मध्ये युजेनीच्या लियोंमधल्या जागेला तीन तारे मिळाले, आणि डोंगरातल्या जागेलाही तीन. एकाच वेळी सहा तारे मिळवणारी ती जगातली पहिली व्यक्ती. बाई म्हणून पहिली नव्हे, माणूस म्हणून पहिली. त्याच वर्षी मारी बूर्जवा नावाच्या आणखी एका बाईला तीन तारे मिळाले, आणि तिचं रेस्टॉरंटही युजेनीच्या जन्मगावाच्याच जिल्ह्यात होतं. युजेनीनंतर दोन रेस्टॉरंटांना तीन-तीन तारे मिळवायला दुसऱ्या माणसाला १९९८ साल उजाडलं. तो अॅलँ द्युकास. मध्ये ६५ वर्षं गेली.

आता शब्दांकडे बघा. हॉटेलच्या मोठ्या स्वयंपाकघरात पुरुषाला म्हणतात 'शेफ'. फ्रेंचमध्ये शेफ म्हणजे प्रमुख. एस्कॉफिए नावाच्या प्रसिद्ध आचाऱ्याने हॉटेलची स्वयंपाकघरं लष्करासारखी बांधली. कोणाच्या हाताखाली कोण, हुकूम कोणाचा, सगळं ठरलेलं, आणि माणसं बहुतेक पुरुष. तिथे मोठा झालेला तो 'प्रमुख'. आणि तेच काम, तितक्याच कसबाने, स्वतःचं भांडवल घालून करणारी ती 'आई'.

आई म्हणण्यात मान आहे, हे मला मान्य आहे. पण त्या मानात एक खोचही आहे. आईने केलेलं प्रेमाने केलेलं असतं. प्रेमाने केलेल्या कामाचा दर कोण विचारतो? कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासाला पिगू नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाचं एक उदाहरण शिकवलं होतं. एखाद्या माणसाने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केलं, तर देशाचं राष्ट्रीय उत्पन्न कमी होतं. काम तेच, बाई तीच, फक्त पगार बंद झाला म्हणून हिशेबातून गेली. तेव्हा सगळा वर्ग हसला होता, मीही हसले होते. माझ्या फराळाच्या वहीतला रिकामा रकाना दिसला, तेव्हा मला तो विनोद खरा कळला. युजेनी ब्राझिएने काय केलं असेल तर हेच. 'आईच्या हातची चव' तिने बिलावर लिहिली आणि तिचे पैसे घेतले.

तिचं सगळंच वाखाणण्यासारखं होतं, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या महायुद्धात रेशनिंग लागलं. ताट हलकं करणं तिला जमलं नाही, नियम मोडले, दंड झाला आणि एक आठवडा तुरुंगातही जावं लागलं. लोक उपाशी असताना हा हट्ट बरोबर होता का? माझं मन नाही म्हणतं. कामाला होती तीही जिभेने तिखट. हाताखालच्यांना सुखाने जगू द्यायची असं कोणी म्हणत नाही. दुःखातून वर आलेली माणसं मऊच असतात, असा आपला एक समज असतो. काही होतात. काही दगडासारखी घट्ट होऊन जातात, आणि त्यांच्यावर घर उभं राहतं.

१९४० च्या दशकात लियोंची जागा तिने मुलाकडे, गास्तोंकडे दिली. ज्याला कधी परक्या घरी ठेवावं लागलं होतं, त्याच्याच हाती चाव्या. ती स्वतः डोंगरात राहिली. युद्धानंतर एक तरुण सायकल मारत तिच्याकडे काम मागायला आला. तिने त्याला ठेवलं, आणि गाईंचं दूध काढायला, बागेत खणायला, कपडे धुवायला आणि इस्त्री करायलाही लावलं. त्याचं नाव पॉल बोक्यूज. पुढे तो फ्रान्सचा सर्वांत नामांकित शेफ झाला. बायका जे घरात रोज करतात, ते केल्याशिवाय तिच्या चुलीपर्यंत पोचता येत नव्हतं, हे मला फार आवडलं.

बर्नार पाको नावाचा आणखी एक मुलगा असाच आला, पंधरा वर्षांचा असेल. अनाथ, संस्थेत वाढलेला. तोही पुढे पॅरिसमध्ये तीन ताऱ्यांपर्यंत पोचला. दहाव्या वर्षी आई गमावलेल्या मुलीने दुसऱ्या पोरक्या मुलाच्या हातात कढई दिली. तिखट जिभेची होती ना? असू दे. त्याला जेवण मिळालं, काम मिळालं, आयुष्यभराची विद्या मिळाली.

सरकारने तिला मोठा सन्मान देऊ केला होता, 'लेजियों दॉनर'. तिने नाकारला. नीट स्वयंपाक करणं हे तर आपलं कामच, सन्मान त्याहून मोठ्या कामांना द्यावा, असं तिचं म्हणणं. वाचताना माझं मन दोन्हीकडे गेलं. एकीकडे वाटलं, केवढा निगर्वीपणा! मान-कषाय सोडणं आपल्याला उपवासाहून अवघड जातं. दुसरीकडे वाटलं, बाई गं, इथे तरी तू 'घरी येतोच की' असंच म्हणालीस ना?

१९७४ मध्ये गास्तों गेला. मुलाचं जाणं तिला बघावं लागलं. २ मार्च १९७७ रोजी, ८१ व्या वर्षी, ती गेली. तिच्या पाककृतींचं पुस्तक त्याच वर्षी निघालं. मुलामागे नातीने लियोंची जागा बरीच वर्षं चालवली. रुवायाल रस्त्यावर १२ नंबरला आजही तिच्याच नावाचं रेस्टॉरंट चालतं. बोक्यूजचं नाव जगाला माहीत आहे. त्याला दूध काढायला लावणाऱ्या बाईचं नाव मात्र मला साठी उलटल्यावर कळलं.

परवा रात्री चौविहाराच्या आधी जेवणं उरकली आणि मी सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. मुलगा म्हणाला, "आई, पण तिथे मांसाहारच आहे सगळा." मी म्हटलं, "हो. म्हणून आपण शाकाहारी अभ्यासक्रमच बघायचा. पाणी गाळून घेणं, भाजी निवडताना अळी-किड्याकडे डोळ्यात तेल घालून बघणं, सूर्य मावळायच्या आत ओटा कोरडा करणं, हे तिच्या अंगात लहानपणापासून मुरलंय. उरलेलं ती शिकेल." तो अजून पूर्ण तयार नाही. त्याची काळजी खोटी नाही, आणि मी ती एका रात्रीत घालवू शकणार नाही. फॉर्म भरायची मुदत या महिनाअखेरीपर्यंत आहे.

सून काही बोलली नाही. भांडी आवरताना हळूच म्हणाली, "आई, तुमची ती फराळाची वही अजून आहे का हो?"

काढून दिली. आता नात त्यातला जुना हिशेब आजच्या भावाने नव्याने मांडतेय. बेसन, तूप, साखर, गॅस. काल मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. सगळ्यात वर, बेसनाच्याही आधी, तिने एक रकाना आखलाय आणि त्यात लिहिलंय, 'आजीची मजुरी'.

तुमच्याकडे अशी एखादी वही असेल तर तीही शोधा मैत्रिणींनो. आणि तो रकाना आहे का, बघा.